पियानोवाल्याचा कान

पियानोचे सूर जुळवण्याचा धंदा कानावर चालतो. म्हणून डावा कान ठणकू लागला तेव्हा पियानोवाल्याने ती गोष्ट आधी बायकोपासून लपवली. डॉक्टरकडे तो गेला नाही. कान गेला असं कुणी सांगितलं, तर धंदाच बसायचा. त्याने गुपचूप कोमट तेल घातलं आणि वर कापसाचा बोळा कोंबला.

बायकोने जेवताना पकडलं. "कान दुखतोय ना?"

"थोडासा."

"थोडासा म्हणे! घास उजवीकडे, मान डावीकडे. चला, उठा."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर्दी झाली होती? पोहता? कानातून पाणी, पू?"

सगळ्याला नाही. त्यांनी कानाची पाळी ओढून पाहिली. दुखलं नाही. मग बॅटरी लावून आत पाहिलं.

"तेल कुणी घातलं?"

पियानोवाला छताकडे पाहू लागला.

"पुन्हा घालू नका. पडद्याला भोक असतं तर महागात पडलं असतं. पडदा शाबूत आहे, सूज नाही, मळ नाही."

बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येत होतं. पियानोवाल्याने ते पुन्हा सांगायला लावलं.

"बघा," बायको म्हणाली, "चांगलं ऐकू येतं, तरी परत विचारतात."

"मग दुखतंय काय?" पियानोवाल्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कानापुढे बोट ठेवलं. "तोंड उघडा."

कट् असा आवाज झाला आणि तो कळवळला.

"जबड्याचा सांधा. कानाला खेटूनच असतो. सांध्याचं, दाढेचं, कधी घशाचं दुखणंही कानात जाणवतं. कडक काही चावता?"

"लोखंड!" बायको म्हणाली. "सूर लावायचा काटा असतो ना, ठोकला की गुणगुणणारा? दोन्ही हात कामात, म्हणून त्याची दांडी दिवसभर दातांत धरतात."

"हाडातून सूर स्वच्छ येतो. माझ्या गुरूंनीच शिकवलंय."

"गुरूंचा जबडा बघायला हवा होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे दुखणं हेल्याला आणि इंजेक्शन पखालीला!" बायकोने कपाळाला हात लावला.

शेक, मऊ जेवण, काही दिवस गोळ्या, दातांत काहीही धरायचं नाही. दाढा एकदा दंतवैद्याला दाखवायच्या. आठवड्याभरात उतार पडला नाही तर परत यायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहातला पियानो होता. त्याने काटा ठोकून दांडी लाकडावर टेकवली. सूर बारीक आला. तार पिळायला हात मोकळा करावा, तोवर विरायचा. पुन्हा ठोकायचा, पुन्हा ऐकायचं. मधूनमधून तो जबडा चोळत होता. ठणका होताच, धास्ती तेवढी नव्हती.

संगीताच्या बाई डोकावल्या. "आज फार वेळ लागतोय?"

"लागणार. नव्याने शिकतोय."

"या वयात?"

"कान चांगला आहे म्हणाल्या डॉक्टर," तो म्हणाला आणि पुढच्या तारेकडे वळला.