धारेचे निमित्त

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे. सुरतेच्या गोडादरा भागातील एका खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्यावर माझे वास्तव्य आहे. मालमोटारीच्या मोडक्या पाट्याचे पोलाद तापवून एका लोहाराने मला घडवले. शिवणवर्ग चालवणाऱ्या शोभाबाईंनी मला वीस वर्षे वापरले, आणि दृष्टी अधू झाली तेव्हा आपल्या सर्वांत गुणी शिष्येच्या, सरलाबाईंच्या, हाती सोपवले. "हात सरळ आहे तुझा, सरला," त्या म्हणाल्या. "कागद पुष्कळ कापलास. आता कापड काप."

सरलाबाई मूळच्या खानदेशातल्या. पती चिंधा यंत्रमागावर जात. त्या स्वतः घरी बसून साड्यांचे सुटे धागे चिमटीत मावणाऱ्या छोट्या कातरीने तोडत. मनात मात्र एकच आस होती, की आपल्या दारावर शिवणकामाची पाटी लागावी. वर्तमानपत्रावर त्या ब्लाउज असे कापत, की गळ्याची गोलाई पाहत राहावी. परंतु शेजारीण खरे कापड घेऊन आली, की हात थबके. कधी अमावास्या आडवी येई, कधी मंगळवार. पंचांगात काही सापडले नाही, की दोष माझ्याकडे येई. कातरीला धार नाही, असे सांगून त्या शेजारणीला परत पाठवत.

मग सायकलवर सहाणेचे चाक घेऊन फिरणारा धारवाला गल्लीत आला, की माझी रवानगी त्याच्याकडे होई. ठिणग्या उडत आणि माझे अंग थोडे झिजे. चिंधा थट्टेने म्हणत, की या कातरीने कापडापेक्षा चाकच अधिक पाहिले. धारवालाही एकदा म्हणाला, "बेन, धार तो है. कुछ काटती भी हो, या खाली घिसवाती हो?" सरलाबाई हसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी मला पुन्हा त्याच्याच हाती दिले. अशी चौदा वर्षे गेली.

यंदा त्यांच्या वर्षा नावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. हिरवे रेशमी कापड आणून ती आईला म्हणाली, "मम्मी, ब्लाउज तूच शिव. दुसऱ्या कुणाला मी माप देणार नाही."

सरलाबाईंनी माप घेतले, खडूने खुणा केल्या, मला हाती धरले आणि खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. त्यानंतर धारवाल्याची वाट पाहणे सुरू झाले. साखरपुड्याला तीन दिवस उरले, तेव्हा वर्षाने कापडाची घडी घातली आणि ती बाजारातल्या शिंप्याकडे गेली.

ब्लाउज अंगावर चपखल बसले. वर्षाने खाली पाहत सांगितले, "मम्मी, त्याने तुझ्याच खुणांवरून कापलं. म्हणाला, ज्यांनी खुणा केल्या, त्यांनीच का नाही कापलं?"

सरलाबाईंनी ब्लाउजच्या गळ्यावरून बोट फिरवले. मग चिंधांकडे पाहून हळूच आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या, "कातरले धार व्हती. मन्हा हातच भ्यायेल व्हता."

साखरपुडा झाल्यावर त्यांनी पेटीतून शोभाबाईंनी दिलेला खण काढला, खुणा केल्या आणि मला उचलले. मित्रांनो, या क्षणासाठीच मी जन्मले होते. पण माझी पाती आता एकमेकींना भेटत नव्हती. सहाणेने त्यांचे पोलाद केव्हाच खाल्ले होते. मी कापड कापले नाही, चावले. कड फाटली आणि तो खण वाया गेला.

आता मी कोणाच्याही उपयोगाची नाही. दारावर पाटी लागेल, असेही मला वाटत नाही. सरलाबाईंचे डोळेही आता सुईच्या नाकाशी अडखळतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या हत्यारांना जरूर जपा, परंतु त्यांना कामाने झिजू द्या, निमित्ताने नव्हे.

त्या दिवशी फाटलेला खण मांडीवर घेऊन सरलाबाईंनी मला पदराने पुसले आणि खिळ्याला टांगले. आयुष्यात प्रथमच दोष खरोखर माझ्या धारेचा होता, आणि त्यांनी तो मला दिला नाही.