साहेबांनी पास केलेली गाडी

मी एक जुनी, फिकट निळी मोटारगाडी आहे. मित्रांनो, माझ्या डाव्या दाराला पोचा आलेला आहे, मागच्या काचेचे रबर भेगाळले आहे आणि सकाळी सुरू व्हायला मी थोडे आढेवेढे घेते. त्याची मला लाज वाटत नाही. वय झाले की अंग कुरकुरायचेच. मला सांगायचे आहे ते वेगळे. 'कंपनीने इतक्या हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या' अशी बातमी तुम्ही कधीतरी वर्तमानपत्रात वाचली असेल. त्या हजारांत मी एक होते.

माझा जन्म एका लांबलचक छपराखाली झाला. यंत्रांचे हात ठिणग्या उडवत पत्रे जोडत होते. सगळे झाल्यावर पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या अंगावरून हात फिरवला, सगळी दारे उघडून मिटून पाहिली आणि काचेवर हिरवी चिठ्ठी चिकटवली. तिची काही चूक नव्हती. माझ्या पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात आहे. कारागीर त्याला आर्म म्हणतात. तो दुसऱ्या एका कारखान्यातून काळा रंग चढवून तयार आला होता. तिथले जोडकाम करणारे एक यंत्र तीन आठवडे नीट तापत नव्हते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. रंगाखाली जोड कच्चा आहे हे त्या बाईला कसे दिसणार? मलाही ते पुढे कळले.

मला घेतले साहेबांनी. गल्लीत त्यांना सगळे साहेबच म्हणत. ते वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन काटे, वजने आणि लिटरची मापे तपासायची, बरोबर असतील तर ठसा मारायचा, नसतील तर उचलून आणायची, यात त्यांची बत्तीस वर्षे गेली. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. मला बघायला आले तेच खिशात मोजपट्टी आणि भिंग घेऊन. दार आणि अंग यांतली फट त्यांनी दोन्ही बाजूंनी मोजली. डिकीत वाकून इतका वेळ काहीतरी पाहत होते की विक्रेत्याला वाटले, माणूस आत अडकला. तीन दिवस त्यांनी त्या बिचाऱ्याचा जीव नकोसा केला आणि चौथ्या दिवशी मला घरी आणले.

त्यानंतरची वर्षे माझ्या कौतुकाची होती. रस्त्याच्या कडेच्या दगडांवरचे आकडे आणि माझे मीटर यांचा मेळ साहेबांनी दीडशे किलोमीटर जाऊन घातला, आणि तो जमल्यावर त्यांना जो आनंद झाला तो मुलीचा निकाल लागला तेव्हाही झाला नसेल. गल्लीत कोणाला गाडी घ्यायची असली की तो आधी साहेबांकडे येई. साहेब त्याला माझ्याभोवती फिरवून आणत आणि म्हणत, ही मी पास केली आहे. त्यांच्या शब्दावर तिघांनी माझ्याच जातीच्या गाड्या घेतल्या. एक कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने, एक निवृत्त पोस्टमनने आणि एक शिवणवाल्या ताईंनी. या ताई शाळांचे गणवेश शिवत आणि गठ्ठे गाडीत घालून घाटापलीकडच्या गावांत पोचवत. सुटीच्या दिवशी त्यांची दोन्ही मुले मागच्या सीटवर गठ्ठ्यांच्या मधे बसलेली असत.

सहाव्या वर्षी कंपनीचे पत्र आले. साहेबांनी ते माझ्यातच बसून वाचले. आर्मचा जोड सदोष असण्याची शक्यता आहे, गाडी घेऊन या, आम्ही तो बदलून देऊ, असा त्याचा मजकूर होता. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पत्राची बारीक घडी केली आणि माझ्या पुढच्या कप्प्यात, पुस्तिकेच्या खाली सारली.

दुसऱ्या दिवशी ते टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन माझ्याखाली शिरले. आर्मवर टकटक केली, भिंग लावले, बोट फिरवले. काळा रंग जसाच्या तसा होता. बत्तीस वर्षे त्यांनी काट्यातली खोट डोळ्याने आणि हाताने पकडली होती. जी खोट त्यांना सापडत नाही ती नसतेच, असे त्यांना मनापासून वाटे. ते कपडे झटकत बाहेर आले आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

गल्लीत मात्र मिटला नाही. बातमी वर्तमानपत्रात आली होती. समोरचे दातांचे डॉक्टर आपल्या गाडीला टेकून म्हणाले की आमच्या गाडीच्या कंपनीने आजवर एकही गाडी परत बोलावलेली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काल मला नावाजणारे लोक आता माझ्याकडे नासक्या फळाकडे पाहावे तसे पाहू लागले. खरे सांगते, मला वाईट वाटले. ज्या कंपनीने चूक कबूल केली ती वाईट ठरली. डॉक्टरांच्या कंपनीच्या गाड्या खरोखर चांगल्या होत्या की तिथे कोणी पाहिलेच नव्हते, हे मात्र कोणी विचारले नाही.

त्याच आठवड्यात शिवणवाल्या ताई पत्र घेऊन फाटकाशी आल्या. घाटातून जा-ये असते, मुले बरोबर असतात, काय करू, असे त्यांनी विचारले. साहेब म्हणाले, मी माझी गाडी स्वतः तपासली आहे, काही झालेले नाही, हे कंपन्यांचे कागदी घोडे असतात. ताईंनी पत्राकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, बरं म्हणाल्या आणि गेल्या. औषधवाल्यालाही तेच उत्तर मिळाले. पोस्टमनलाही.

एक वर्ष गेले. दुसरे पत्र आले, तिसरे आले, दोन्ही कप्प्यात गेली. तोवर साहेबांची मुलगी घाटापलीकडच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली होती आणि रोज मलाच घेऊन जाई. डावीकडे तीव्र वळण आले की माझ्या चाकापाशी 'टक' असा आवाज होई. मला ठाऊक होते तो कुठून येतो. पण आम्हा गाड्यांना एवढेच बोलता येते. साहेब म्हणत, डिकीतला जॅक सैल झाला असेल. त्यांनी जॅकखाली जुना टॉवेल कोंबला.

एका बुधवारी काच पुसायला फडके शोधताना मुलीच्या हाती तिन्ही पाकिटे लागली. तिने ती वाचली आणि साहेबांना हाक मारून शेजारच्या सीटवर बसवले. साहेबांनी नेहमीचे सुरू केले. पहिल्यांदाच नीट केले असते तर परत बोलवायची वेळ आली असती का, वगैरे. मुलीने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बाबा, तुमच्या नोकरीत कुठला दुकानदार तुम्हाला खरा वाटायचा?"

"जो स्वतःहून काटा घेऊन यायचा. म्हणायचा, साहेब, हा थोडा इकडेतिकडे दाखवतोय, बघा जरा," साहेब सवयीने म्हणाले.

मग त्यांनी तिच्या हातातली तिन्ही पत्रे मागून घेतली आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

गुरुवारी सकाळी साहेबांनी मला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेले, तेही बैलगाडीच्या वेगाने. मला वर उचलले, आर्म काढला आणि मिस्त्रीने तो तारेच्या ब्रशने घासून साहेबांच्या हातात दिला. रंग गेला होता. जोडाच्या कडेने अशी चीर होती की साहेबांचे नख आत गेले. मिस्त्री म्हणाला, "एखादा मोठा खड्डा लागला असता, की चाक आडवं."

साहेब तो लोखंडी तुकडा धरून उभे राहिले. पहिल्यांदा त्यांना मुलगी आठवली असणार. पण तोंडून निघाले ते दुसरेच. ताई, म्हणाले ते, आणि फोन काढला. ताईंनी तो उचलला नाही. औषधवाल्याचे दुकान बंद होते. पोस्टमन मुलाकडे गेले होते, गाडी घेऊन. नवा आर्म बसेपर्यंत साहेबांनी ताईंना अकरा वेळा फोन लावला.

परतताना मात्र त्यांनी मला पळवले. ताईंच्या दारात गाडी नव्हती. शेजारणीने सांगितले की मुलांना सुटी आहे, तिघेही गठ्ठे घेऊन घाटापलीकडे गेले आहेत. साहेब ताईंच्या पायरीवर बसले. दुपारी दोनपासून साडेपाचपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. रस्त्यावर कुठलीही गाडी वळली की उठत आणि पुन्हा बसत. मी समोर उभी होते. या माणसाने माझी पत्रे दडपली याचा मला राग होता, पण त्या दिवशी मला त्यांची दया आली.

साडेपाचला ताईंची गाडी आली. ती थांबण्याआधीच साहेब तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "ताई, ही गाडी आता अजिबात हलवू नका," ते म्हणाले. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझी चूक झाली."

ताई खाली उतरल्या. मुले आत झोपली होती. त्या जरा घुटमळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मी ते काम मागच्याच वर्षी करून घेतलं. तुम्ही सांगितलंत त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

"आणि औषधवाले? पोस्टमन?"

"सगळ्यांनी करून घेतलं," ताई म्हणाल्या. "तुमचीच राहिली होती."

साहेब माझ्यात येऊन बसले. किल्ली हातात होती, पण त्यांनी मला सुरू केले नाही. वर्षभर त्या गल्लीत धोक्याची गाडी एकच होती, आणि ती रोज घाटातून त्यांची मुलगी चालवत होती.

मित्रांनो, कंपनीने बोलावले तर गाडी घेऊन जा. त्यात गाडीची बेअब्रू नाही आणि तुमचीही नाही. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. एखादा मोठा माणूस चुकतो आहे असे तुम्हाला दिसले, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. ताईंचे मन फार चांगले होते. त्यांनी त्या दिवशी फाटकाशी फक्त एक वाक्य बोलायला हवे होते.