हाकेच्या अंतरावर

माझ्या बापाने आईचा हात मोडला तो दुकानातल्या लाकडी ओंडक्यावर, सत्तुराच्या चपट्या बाजूने. त्याच ओंडक्यावर मी आता रोज मांस तोडते. गिऱ्हाईक उभं असताना तिने त्याला जरा हळू बोला म्हटलं, एवढंच निमित्त. गिऱ्हाईक बरगड्या तिथेच टाकून पळालं. हाड नीट बसलंच नाही. आईचा डावा हात मनगटात वाकडा राहिला आणि त्याच वाकड्या हाताने ती पुढे त्याचे रक्ताने भरलेले कपडे धूत राहिली.

बाप मेलाही आपल्या गुणांनीच. दारूच्या गुत्त्याबाहेर कुणाशी तरी जुंपली. याने बाटली फोडून त्याच्या गळ्याला लावली आणि त्याने याचं डोकं धरून फरशीवर आपटलं. मी पोचले तेव्हा बापाचा एक पाय अजून झटके देत होता. मी उभी राहून पाहिलं. पाय थांबला तेव्हा वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

त्यामुळे इतक्या वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर आईने जे मागितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तिला त्याच्याच कबरीत जायचं होतं.

आमच्या दफनभूमीत जागेची ओढाताण. घरातलं दुसरं माणूस गेलं की जुनी कबर उघडतात, आधीच्याची हाडं पिशवीत भरतात आणि नव्या पेटीच्या पायथ्याशी ठेवून देतात. दादा, माझा थोरला भाऊ, ट्रक चालवतो. तो लगेच हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो. लहानपणी मार खातानाही मान हलवायचा. मी म्हटलं, भिंतीकडेची नवी जागा घेऊ, काय लागेल ते मी बघते. आई ऐकेना. दुखणं पोटभर पसरलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ही बाई दुकानावरच्या खोलीत निवांत पडून होती. तयारी झालीय, म्हणायची, चपला तेवढ्या घालायच्या राहिल्यात. ती कधीतरी घाबरेल म्हणून मी वाट पाहत होते. ती घाबरली नाही, आणि मला त्याचाही राग यायचा.

शेवटी एका दुपारी मी हातही न धुता वर गेले आणि विचारलं, त्या जनावराशेजारी का निजायचंय तुला.

"त्याला हाक मारल्याशिवाय जाग येत नाही गं," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं. लग्न झाल्यापासून रोज तिनेच त्याला उठवलं होतं. गजराने नाही, दार बडवल्याने नाही. तिने कानाशी जाऊन 'अहो, उठा, उजाडलं' म्हटलं की मगच त्याचे डोळे उघडायचे. हात मोडला त्याच्या दुसऱ्या सकाळीही तिनेच उठवलं होतं. आता शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू येईल, सगळे मेलेले उठून उभे राहतील आणि हा एकटा घोरत पडेल, याचा तिला घोर लागला होता. स्वतःच्या मरणाचा नाही.

मी म्हटलं, "त्याची हाडं मी उकिरड्यावर फेकणार आहे."

"फेक," ती म्हणाली. "पण कुठे फेकलीस ते सांगून ठेव. म्हणजे कुठे जाऊन हाक मारायची ते कळेल."

आणि पदराने माझ्या बोटांवरचं रक्त पुसत म्हणाली, की कर्णा वाजेल त्या सकाळी हा हात सरळ होणार आहे, आणि तो त्याला दाखवायचा आहे. बघायला तो जागा नको का?

त्याच आठवड्यात ती गेली. श्वास थांबला तो मला आधी कळलाही नाही, इतका चेहरा स्वस्थ होता.

पुरायच्या दिवशी सकाळी कबर उघडली. खणणाऱ्या म्हाताऱ्याने हाडांची पिशवी दादाच्या हातात दिली. मी ती ओढली. दादाने सोडली नाही. उभ्या जन्मात तो पहिल्यांदाच नाही म्हणत होता, आणि तेही बापासाठी. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. त्याने मला मातीत पाडलं, छातीवर बसला आणि गळा आवळला. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या तोंडात पडत होतं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा त्याला आपलेच हात दिसले. अगदी बापाचे हात. तो चटका बसल्यासारखा मागे सरला. पाद्री हाका मारत राहिले आणि मी पिशवी घेऊन थेट दुकान गाठलं.

शटर आतून ओढलं. हाडं ओंडक्यावर ओतली. त्याच्या उजव्या हाताचं हाड ओळखून वेगळं काढलं, सत्तूर उचलला आणि जीव खाऊन घाव घातला.

ते सुक्या काटकीसारखं मोडलं. मेलेलं जनावरसुद्धा तोडताना अडतं, सांधा सोडत नाही, आपल्या खांद्यात कळ येते. इथे काहीच नाही. मी दुसरा घाव घातला, तिसरा घातला. शिव्या दिल्या, त्यानेच शिकवलेल्या. भुकटी झाली, पण माझं समाधान होईना. ज्याला मारायचं होतं तो तिथे नव्हताच.

"ऊठ," मी ओरडले. "बाबा, ऊठ. मला विचारायचंय तुला. ऊठ म्हणते ना."

तो माझ्या हाकेला कधीच उठला नव्हता. आजही उठला नाही. मी ओंडक्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. रडता रडता लक्षात आलं, की त्याला जाग यावी म्हणून आईइतकीच मीही अडून बसले आहे. त्याने उठायलाच हवं. उठून त्या सरळ हाताकडे बघायला हवं आणि मग माझ्याकडे. आणि त्याला उठवू शकेल असं माणूस एकच होतं.

हाडं पिशवीत भरली. भुकटीही हाताने गोळा करून घेतली.

दुपारी पेटी खाली सोडली. दादा नाकाला फडकं लावून उभा होता. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मी त्याच्या नाकाकडे. म्हाताऱ्याने पिशवीसाठी हात पुढे केला. मी स्वतःच खड्ड्यात उतरले. पायथ्याशी ठेवायची असते, पाद्री वरून म्हणाले. मी पिशवी डोक्याकडे ठेवली, आईच्या तोंडाजवळ. तिचा आवाज आधीच बारीक.

"आई," मी पेटीवर वाकून म्हटलं, "याला उठव. मग मला हाक मार. येताना सत्तूर आणायचा की रिकाम्या हाताने यायचं, ते मी तेव्हा बघेन."

दादाने वरून हात दिला आणि मी तो धरून वर आले.