पूर्णमानच्या फरशीखालचं पाणी

नेपाळातल्या पाटणमधल्या आमच्या आळीची हिती भूकंपानंतर आटली. आमची हिती म्हणजे पायऱ्या उतरून जायचं दगडी कुंड, भिंतींतून बाहेर आलेल्या तीन मकरमुखी धारा आणि काठावर स्तूपासारखा बुटका चैत्य. धारा कोरड्या पडल्या तसे लोक तिथे कचरा टाकू लागले. चैत्यात पिंपळ रुजला आणि त्याच्या मुळ्यांनी दगड सुटे केले.

हे मनावर घेतलं हीराकेशरी रंजितकारने. रंगाऱ्यांच्या घरातली, सत्तरी ओलांडलेली, आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. सगळी आळी तिला तता म्हणते, म्हणजे थोरली बहीण. सिठीच्या सणाला आमच्याकडे विहिरी-झरे साफ करतात. त्या वर्षी तिने घराघरातून माणसं ओढून काढली. "आधी फावडं धरा. उडदाचे वडे नंतर," ती म्हणाली. गाळ उपसून कुंडाचा तळ दिसला, पण पाण्याचा टिपूस नव्हता.

वॉर्डातला एक भला माणूस आला. म्हणाला, "टाकीवरून पाइप जोडून देतो. बटण दाबलं की तिन्ही धारा चालू. पाहुण्यांना फोटोही काढता येतील."

"सलाइन आजाऱ्याला लावतात," तता म्हणाली. "आमची हिती आजारी नाही. तिची वाट अडलीय. ती आम्ही शोधू."

मधल्या धारेच्या मागून खणत गेलो तेव्हा काळ्या चिकणमातीने लिंपलेला जुना पाट सापडला. तो थेट पूर्णमान ताम्राकाराच्या भिंतीखाली शिरत होता. पूर्णमानने घर भूकंपानंतर नव्याने बांधलेलं. खाली तांब्याच्या भांड्यांचं दुकान, त्यात आरशासारखी फरशी. तो दारातच आडवा उभा राहिला.

"तता, भिंतीच्या अलीकडे काय हवं ते खणा. फरशीला हात लावू देणार नाही."

"बरं," म्हणून ती वळली. 'बरं' म्हणून माघारी फिरलेली तता आम्ही तोवर पाहिली नव्हती.

मग आम्ही चैत्याकडे वळलो. आळीची पूजाअर्चा करणाऱ्या गुरूंनी पूजा करून चैत्याची क्षमा मागितली, तेव्हाच दगडांना हात लावला. एकेक उतरवला, मुळं काढली, पुन्हा रचला. राहिला कळस. जुना कधीच चोरीला गेला होता. तता पूर्णमानच्या दुकानात गेली.

"आधीचा कळस तुझ्या आजोबांनी घडवलेला. आता कोण घडवणार?"

"मीच घडवीन. पण फरशीचं नाव काढू नकोस."

"मी कुठे काढलं?"

त्यानंतर कितीतरी दिवस आळीत त्याच्या हातोडीचे ठोके ऐकू येत होते. कळस असा उतरला की बसवायच्या दिवशी शेजारच्या आळीतले लोकही बघायला आले. पूर्णमानने तो स्वतःच्या हाताने चढवला. खाली उतरून त्याने वर बघितलं, मग कोरड्या कुंडाकडे.

"एवढा कळस चमकतोय आणि पायाशी रिकामा खड्डा," तो पुटपुटला. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायतच," त्याची बायको चंद्रप्रभा म्हणाली. "ठोक्यांच्या आवाजात तुम्हाला ऐकू येत नव्हतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, तर पूर्णमान गुडघ्यांवर बसून फरशा उचकटत होता. खालच्या पाटात बांधकामाचा राडारोडा गच्च बसला होता. तो आम्ही काढला, पाट पुन्हा काळ्या मातीने लिंपला आणि पुढच्या पिढीला साफ करता यावा म्हणून वर उचलता येईल असं दगडी झाकण बसवलं.

संध्याकाळी मधल्या मकराच्या घशात घरघर झाली. आधी पिवळा गढूळ लोट आला, मग धार निवळत गेली. तताने ओंजळ धरली, पाणी चैत्याला वाहिलं, उरलेलं प्यायली. मग पुन्हा ओंजळ धरली आणि धारेखालून हलेचना. चंद्रप्रभाने तिला धरून पायरीवर बसवलं.

अजून दोन धारा कोरड्या आहेत. त्यांच्या वाटा शोधायचं काम चालू आहे. पूर्णमान मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला झाकण उचलून दाखवतो. "हितीचं पाणी माझ्या घरातून जातं."

"घराखालून," तता सुधारते.

"तेच ते."

परवा वरच्या आळीतली माणसं आली. त्यांचीही हिती आटलीय, पाट कसा शोधायचा ते विचारत होती. तता चपला घालेपर्यंत पूर्णमान दुकान बंद करून रस्त्यात उभा होता. म्हणाला, "चल, कुणाची फरशी आडवी आली तर मी बोलतो त्याच्याशी."