बदकराव पडद्यावर कधी येणार?

ताईने आयुष्यात एकच मोठी थाप मारली होती, आणि ती आज भरल्या थिएटरात उघडी पडणार होती.

ताई वजनमापं तपासणारी निरीक्षक. काटा केसभर हलला तरी ती ऐकून घेत नसे. भाजीवाले तिला लांबून पाहूनच तागडी पुसायला घेत. अशा बाईने एका बदकाच्या बाबतीत सख्ख्या भावाला वर्षानुवर्षं फसवलं, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

झालं होतं असं. लहानपणी धाकट्या भावाला झोपवण्याचं काम ताईकडे होतं. ती त्याला विहिरीखालच्या राज्याची पुस्तकं वाचून दाखवायची. काजळगुहेत दिवे एकेक करून विझायला लागले की भाऊ भोकाड पसरायचा. शेवटी आई म्हणाली, "आणखी एकदा रडला तर पुस्तकं माळ्यावर." माळ्यावर गेलेली वस्तू त्या घरात परत खाली येत नसे. म्हणून पुढच्या खेपेला ताईने ऐनवेळी गुहेत एक बदक घुसवलं. बदकराव. नाक चोंदलेले, कायम कुरकुरणारे, सगळ्यांच्या मागून येणारे.

"मला कुणी विचारलं नाही, पण मी येतोय."

यावर गोष्टीतल्या भावंडांमधली दिवा धरणारी मुलगी म्हणायची, "चल, पण चोचीला आवर घाल." हे वाक्य भावाचं. ते म्हणून तो खिदळत झोपी जायचा. पुढे प्रत्येक भागात बदकरावांची सोय करता करता ताईच्या नाकी नऊ आले.

भाऊ मोठा होऊन लहान मुलांचा दातांचा डॉक्टर झाला. पुस्तकं त्याने पुन्हा उघडली नाहीत. "मला पाठ आहेत," म्हणायचा. दवाखान्यात खुर्चीसमोर त्याने स्वतः काढलेलं बदकरावांचं चित्र होतं. तो नाकातून म्हणायचा, "मला कुणी विचारलं नाही, पण मी येतोय," पोरं आ वासून हसायची, तेवढ्यात दात बाहेर. पुस्तकांवर सिनेमा निघाल्याचं कळल्यावर त्याने प्रत्येक पेशंटला आमंत्रण दिलं. "बदकराव बघायला या!"

"आणि सगळे आलेत," थिएटरच्या जिन्यात भाचीने ताईला कोपराने ढोसलं. "आत्या, मी पुस्तकं वाचलीयेत."

"सगळी?"

"सगळी. बदकाचं एक पीससुद्धा नाही."

"बाबाला बोललीस?"

"मला काय वेड लागलंय? तूच निस्तर."

दिवे मालवले. पडद्यावर तिघा भावंडांनी विहिरीत उडी मारली आणि अख्ख्या थिएटरने खुर्च्यांचे हात घट्ट धरले. उलटी वर चढणारी बादली आली. तीन डोक्यांचा द्वारपाल आला. आज शिंकायची पाळी कुणाची, यावरून त्याची डोकी भांडत होती.

"ताई, बादली! अगदी तशीच!" भावाने तिचा दंड पिळवटला. "हा द्वारपाल! बघ, डावं डोकं शहाणं!"

ताईही पार विरघळली. द्वारपाल अखेर तिन्ही नाकांनी शिंकला, तेव्हा ती इतकी हसली की पुढची भानगड विसरून गेली. मात्र दर वेळी पडद्यावर दार उघडलं की भाऊ पुटपुटायचा, "आता येतील."

मग काजळगुहा आली. एक दिवा विझला, दुसरा विझला. शेवटी पडदाही काळा झाला आणि पुढच्या रांगेतून रडका आवाज आला.

"बदकराव कुठायत? डॉक्टरकाका म्हणाले होते!"

त्याचं ऐकून दुसरं पोर रडलं, मग तिसरं. रडण्याची साथच पसरली.

"कापले!" भाऊ अर्धा उभा राहिला. "नालायकांनी कापले! ताई, इथेच होते ना? सांग ना!"

ताईने एकदा भाचीकडे पाहिलं. मग चिमटीत नाक धरलं.

"मला कुणी विचारलं नाही," ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, "पण मी येतोय!"

रडणं थांबलं. भाऊ हळूहळू वळला. काटा मारताना पकडलेल्या दुकानदाराचा चेहरा ताईने पुष्कळदा पाहिला होता. आज तो तिच्या स्वतःच्या मानेवर बसला होता.

"तू?"

"अरे, तू रडायचास. पुस्तकं माळ्यावर गेली असती."

भाचीने डोळे गच्च मिटून घेतले. पडद्यावरच्या मुलीने अंधारात काडी ओढली, तिचा चेहरा उजळला, तिने बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच भाऊ ओरडला,

"चल, पण चोचीला आवर घाल!"

थिएटर हशाने फुटलं. त्यानंतर दार उघडलं की कुठून तरी "क्वॅक" यायचं. मागच्या रांगेतल्या एका भारदस्त गृहस्थांनीही नाकातून सांगून टाकलं की आपल्याला कुणी विचारलेलं नाही. बॅटरी घेऊन दटावायला आलेला माणूस बॅटरी विझवून शेवटपर्यंत तिथेच उभा राहिला. भावाला हसून हसून उचकी लागली, तेव्हा ताईने त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि स्वतःच फिस्सकन हसली.

जिना उतरताना पुढचे दोन दात नसलेल्या एका मुलीने भावाची बाही ओढली.

"डॉक्टरकाका, बदकराव नुसते बोलले. दिसले का नाहीत?"

ताई पायरीवरच थबकली. भाचीही थांबली.

"दिसतील कसे?" भाऊ गंभीरपणे म्हणाला. "गुहेत अंधार नव्हता का?"

मुलीला ते तंतोतंत पटलं. "मग पुढच्या भागात काय करणारेत?"

"ते मला काय माहीत? या आत्यांना विचार. त्यांना सगळं पाठ आहे."

मुलगी ताईसमोर येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी पाचसहा जण जमले, सगळ्यांत मागे उचक्या देत भाऊ. ताईने पर्स भाचीच्या हातात दिली, पायरीवर बसकण मारली आणि पुन्हा चिमटीत नाक धरलं.