बासष्ट किलोमीटर

डेसच्या हातचा चहा उत्तम असतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल एकही चांगला शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

सव्वीस वर्षं त्याची शेड आणि माझं घर यांच्यात फक्त एक तारेचं कुंपण आहे. माझा नवरा क्लाइव्ह आणि तो मिळून गाड्या दुरुस्त करायचे. क्लाइव्ह गेल्यापासून डेस एकटाच करतो. मी सिम्प्सनच्या वाळवंटात जाते. शहरातली माणसं नवी कोरी गाडी घेऊन, मागे झोपायचा डबा जोडून सिम्प्सनमध्ये शिरतात, टायरची हवा कमी न करता वाळूची टेकडी चढायला जातात आणि पोटापर्यंत रुततात. मग तिथल्या नॅशनल पार्कची कचेरी मला रेडिओवर बोलावते आणि मी जाऊन त्यांना ओढून काढते. एकवीस वर्षं हेच करतेय. ऐकून घ्यावं लागतं ते एवढंच, की बाई आलीय, आता काय होणार. तासाभराने तेच लोक मला बिस्किटं देत असतात.

गेल्या हंगामात जड गाड्यांनी वाट इतकी खोल उकरून ठेवली की माझ्या गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासायला लागलं. म्हणून मी एकतीस इंची टायर काढून पस्तीस इंची घालायचं ठरवलं. मोठ्या टायरने गाडी उंच होते, पण ते फिरवता फिरवता इंजिनाच्या नाकी नऊ येतात. माझं इंजिन जुनं, टर्बो नसलेलं. त्यावर उपाय एकच, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचा जोर चाकांना देणारी दातेरी चक्रं, बदलायचे. माझ्या गाडीत होते चार-एकचे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे आणि वर थोडंसं. हा आकडा जितका मोठा, तितका चाकाला जोर जास्त.

डेस म्हणाला, चार-छप्पन्न पुरे. मी म्हणाले, चार-अठ्ठ्याऐंशी. डांबरी रस्त्यावर इंजिन बोंबलत राहील, असं त्याचं म्हणणं. डांबरी रस्ता आहे कुठे आपल्याकडे, असं माझं. दोन संध्याकाळी आम्ही यावर भांडलो आणि शेवटी माझंच खरं झालं. अ‍ॅडलेडहून दोन खोकी यायला सात आठवडे लागले. फेब्रुवारीत, उन्हाळ्यामुळे पार्क बंद होतं तेव्हा, गाडी तीन दिवस त्याच्या शेडमध्ये राहिली. तिन्ही दिवस मी त्याला खारवलेल्या मांसाची सँडविचं नेऊन दिली. वर मोहरीची चटणी लावून, त्याला आवडतात तशी.

त्या शेडची एक रीत आहे, क्लाइव्हने घालून दिलेली. क्राउन-पिनियन बदलले की गाडी बाहेर काढण्याआधी फेरे मोजायचे. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. उचललेल्या चाकावर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. एकाने चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवायचं, दुसऱ्याने खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजायचे. एकच चाक फिरतं तेव्हा त्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून एक, म्हणून दोन. मग जागा बदलायच्या आणि पुन्हा मोजायचं. ज्याची गाडी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी शाफ्ट पाहिल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही. क्लाइव्ह सख्ख्या भावालासुद्धा सोडत नसे.

मी चाक फिरवलं. डेसने खालून मोजलं, मोठ्याने, "चार... आणि वर जवळजवळ नऊ दशांश." मागचं तसं, पुढचंही तसंच. मी खाली जायला वाकले तर म्हणाला, राहू दे, ऑपरेशन झालेला गुडघा आहे, अडकून बसशील आणि मलाच ओढून काढावं लागेल. मी हसले आणि किल्ली घेतली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी जागा बदलली नाही.

मार्चअखेर पहिलं बोलावणं आलं. टेकडी काही फार मोठी नव्हती. अशा टेकडीवर सगळा खेळ वेळेचा असतो. वेग धरायचा, आणि इंजिनाचा जोर पडायच्या आधी गिअर खाली घ्यायचा. मी दुसऱ्यात चढवली तर वेग येईना, तिसऱ्यात टाकली तर दम राहीना. माथा गाडीभर अंतरावर असताना रुतले. मागे घेतली, पुन्हा गेले, पुन्हा तिथेच. पाच वेळा. पलीकडे एक कुटुंब दोन लहान पोरींसह उन्हात बसलं होतं, आणि मी अलीकडून त्यांना रेडिओवर सांगत होते की आलेच. शेवटी पश्चिमेकडून दुसरी गाडी मागवावी लागली. ती यायला सहा तास लागले. माझ्याकडचं पाणी खांद्यावर घेऊन मी पायी टेकडी ओलांडली. धाकट्या पोरीने मला विचारलं, तुझी गाडी कुठे आहे.

एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. मेमध्ये परत. क्राउन-पिनियन नवे, टायर नवे, म्हणजे गाडीत खोट नाही. मग खोट कुणात? मी डोळे तपासून घेतले. सकाळी उठून टेबलावर हात पसरून बघायचे, थरथरतात का. एकटीच जाऊन घरामागच्या टेकडीवर गिअर टाकायचा सराव करायचे, कालपरवा शिकायला लागल्यासारखी. आणि दर वेळी डेस कुंपणावरून चहाचा मग पुढे करायचा.

"वय होतं गं, नोरीन," तो म्हणायचा. "त्यात लाजायचं काय? माझेही हात पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मी त्याच्यासमोर रडलेसुद्धा. क्लाइव्हच्या मयताला रडले नव्हते त्याच्यासमोर.

जूनमध्ये मी ठरवलं की आता पुरे. रेडिओ आणि पार्कच्या फाटकाची किल्ली कचेरीत परत करायची आणि यादीतून नाव काढा म्हणून सांगायचं. गाडी घेऊन निघाले. उन्हाळ्यानंतर कचेरीच्या या वाटेने पहिल्यांदाच जात होते. माझ्या गेटपासून गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपर्यंत बरोबर सत्तर किलोमीटर, एकवीस वर्षं मीटरवर पाहिलेले. सवयीने गेटवर आकडा बघितला होता. सवयीने जाळीवर बघितला. बासष्ट.

मी गाडी तिथेच उभी केली.

टायर मोठे झाले की मीटर कमी दाखवतो, कारण तेवढंच अंतर चाक कमी फेऱ्यांत कापतं. पण मीटर चालतो शाफ्टवर, आणि नवे क्राउन-पिनियन घातले की शाफ्ट जास्त फिरतो. मग आकडा कमी नाही, वाढायला हवा. मी बोटाने धुळीवर हिशेब मांडला. पस्तीस इंची टायर आणि चार-अठ्ठ्याऐंशी म्हणजे मीटरवर चौऱ्याहत्तर दिसायला हवेत. पस्तीस इंची टायर आणि जुने चार-एक म्हणजे बासष्ट. पुन्हा मांडला. बासष्टच.

रेडिओ शेजारच्या सीटवर होता. तो तसाच ठेवून मी गाडी वळवली.

डेस शेडमध्ये कुणाच्या तरी पंपाशी खटपट करत होता. खडू घेतला, जॅक लावला, शाफ्टवर रेघ मारली आणि गुडघ्याच्या नावाने शिव्या घालत गाडीखाली शिरले. हात लांब करून चाक मीच फिरवलं, दोन वेळा. चार फेरे आणि वर एक दशांश.

बाहेर आले तेव्हा तो भांडं घेऊन उभा होता. चहा करायला निघाला होता.

"खोकी कुठे आहेत?" मी विचारलं.

त्याने मागच्या फळीकडे पाहिलं. ताडपत्रीखाली दोन्ही खोकी होती. वरची चिकटपट्टीसुद्धा कापलेली नव्हती.

मग तो बोलायला लागला. दोन वर्षांपूर्वी माझा रेडिओ बिघडला होता आणि मी दोन दिवस सापडत नव्हते, तेव्हा तोच शोधायला आला होता. तेव्हापासून मी बाहेर पडले की त्याच्या जिवात जीव नसायचा म्हणे. नाही म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. गाडीच चढली नाही तर मी आपणहून थांबेन, असं त्याला वाटलं.

"क्लाइव्हला शब्द दिला होता मी," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघीन म्हणून."

"बघायला सांगितलं होतं त्याने. गाडी लंगडी केलीस, तेही एक वेळ गिळलं असतं मी. पण मी रोज सकाळी स्वतःचे हात तपासत होते, डेस. आणि तू चहा देत होतास."

माफ कर म्हणाला असता तर मी भांडं फेकून मारलं असतं. तो म्हणाला नाही, तेवढी अक्कल त्याला आहे.

आता खरी पंचाईत सांगते. क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे नट आवळणं नव्हे. दातांना रंग लावून, केसाएवढ्या पातळ चकत्या घालून-काढून जुळवावे लागतात, नाहीतर हजार किलोमीटरमध्ये दात झडतात. चारशे किलोमीटरच्या आत हे काम येणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्यासमोर भांडं धरून उभा होता. ज्याने फसवलं त्याच्याच हातून करून घ्यायचं किंवा रेडिओ परत करायचा, मधलं काही नाही.

मी स्टूल ओढलं आणि शेडच्या मधोमध बसले. चाकू त्याच्या हातात दिला आणि चिकटपट्टी काप म्हणाले.

तीन दिवस मी त्या स्टुलावर होते. प्रत्येक चकती पाहिली, प्रत्येक दातावरचा रंग पाहिला. काम त्याने सुरेख केलं, हे कबूल करायलाच हवं, आणि त्याचाच जास्त राग आला. सँडविचं मी माझ्यापुरती आणली. चहा त्याने रोज दोघांचा केला. माझा मग रोज तसाच निवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने जॅक लावला, खडूच्या रेघा मारल्या आणि जुन्या सवयीने गाडीखाली जायला वाकला. मी त्याच्या दंडाला धरून बाजूला केलं. चाक फिरव, म्हणाले. आणि तोंड बंद ठेव.

मी पाठीवर झोपून सरकत खाली गेले. तो चाक हळूहळू फिरवत होता. रेघ माझ्या डोळ्यांसमोरून गेली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा, आणि मग जवळजवळ पूर्ण फिरून पाचव्यांदा येता येता थांबली. पुढच्या अ‍ॅक्सललाही तसंच.

"किती?" बाहेरून त्याने विचारलं.

मी खाली पडूनच राहिले, रेघेकडे बघत. त्याने पुन्हा विचारलं. मी आकडा सांगितला नाही. थोडा वेळ त्यालाही स्वतःच्या हातांवर शंका येऊ दे.