मुका आठवडा

आमच्या गावात मतदानाआधी आठ दिवस कोणी कोणाच्या ओट्यावर बसत नाही. बाया विहिरीवर पाणी भरतात, पण तोंड उघडत नाहीत. चोपड्याचे पाहुणे या मुक्या आठवड्याला हसतात. हसू देत. आजोबांच्या काळात आख्खं गाव एकदाच एकमताचं झालं होतं, तेही आजोबांच्या सख्ख्या बहिणीबद्दल. ती डाकीण आहे, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांनी मिळून तिला सातपुड्यात हाकललं, ती परत आली नाही. गाव पुन्हा एकमताचं होऊ नये म्हणून आम्ही मुके होतो. मला तर याची गरज सगळ्यांत जास्त. माझी आई सुंदरबाई झाडपाल्याची औषधं देते, आणि तिच्याबद्दलही कुजबुज आहेच.

पंच्याण्णव साली ग्रामपंचायतीला मगन आणि रुपचंद यांची पॅनलं समोरासमोर उभी होती. त्या निवडणुकीला जळगावहून पंडितसर आले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मी गावच्या शाळेत मास्तर, म्हणून मुक्काम माझ्या घरी. माणूस इतका सज्जन की रागावायचीही पंचाईत. लोखंडाचा अभ्यास सोडून ते मतांच्या मागे लागले होते. शाळेच्या फळ्यावर त्यांनी चौकटी आखल्या, प्रत्येकीत एक बाण काढला.

"हे एकेक घर समजा, झुलालभाऊ. प्रत्येक बाण शेजारच्या बाणांकडे बघून वर किंवा खाली वळतो. लोखंडाचं चुंबक असंच होतं. मी पाहिलेल्या बाकीच्या गावांची मतं या गणितात बसतात, तुमचीच बसत नाहीत. इथे दर वेळी निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तुमचे बाण एकमेकांकडे बघतच नाहीत."

"बघू नयेत म्हणून तर मुके राहतो," मी म्हणालो आणि आजोबांच्या बहिणीची हकीकत सांगितली. ते हळहळले. दुसऱ्या दिवशी तरीही, ऐन मुक्या आठवड्यात, मतं विचारायला घरोघर निघाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दारी आलेल्या पाहुण्याला चहा न देता पाठवायची रीत आमच्याकडे नाही. सगळी दारं उघडली.

घरचे आपलं मत सांगायचे, आणि मग हळूच, "बाकीना काय म्हंतस, सर?"

सर खोटं बोलत नसत. "आत्तापर्यंत मगनकडे कल दिसतोय."

एवढंच. पहिल्या दोनचार घरांत मगनचं नाव निघालं ते निव्वळ योगायोगाने. संध्याकाळी रुपचंदचं नाव घेणारं घर सापडेना.

निकालात सगळी मतं मगनला, रुपचंदला भोपळा. सगळी म्हणजे त्यात रुपचंदचं स्वतःचंही मत होतं. आणि माझंही. मी तर रुपचंदला द्यायचं ठरवून घरातून निघालो होतो.

सर खूश होतील वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. "एवढं माझ्या गणितातही नव्हतं."

"मग आता मोडा हे."

"झालेलं चुंबक आपोआप मोडत नाही, भाऊ. तापवावं लागतं."

"गाव कसं तापवू?"

सर दुपारच्या एसटीने जळगावला निघून गेले.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या उखर्डूची म्हैस मेली. एरवी एक म्हणाला असता साप, दुसरा म्हणाला असता चारा, आणि त्या भांडणात महिना गेला असता. "कशी मरनी रे?" मी उखर्डूला विचारलं. तो नुसता आमच्या घराकडे बघत राहिला. त्याच्या शेजारच्या पुनाला विचारलं, तोही तिकडेच. परत येताना गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर माणसं होती. कोणी बोलत नव्हतं, आणि सगळ्यांचे चेहरे माझ्या दाराकडे होते. मला भीती वाटली, त्याहून जास्त राग आला. यातल्या निम्म्यांना माझ्या आईच्या हातांनी जगात आणलं होतं.

घरात बायको प्रमिला पोरीला पदराखाली घेऊन, चुलीपाशी चहा करणाऱ्या आईपासून लांब बसली होती.

"बाहेरना काहीबी म्हणोत," मी म्हणालो, "आपलं घर तसं नही."

तिने वर पाहिलं नाही.

आई चहा घेऊन आली. "ले भाऊ, पी ले. थंडा व्हई जाई."

तिला सगळं कळलं होतं, आणि ती फक्त माझ्याकडे बघत होती. मला तो कप घ्यायचा होता, देवाशपथ घ्यायचा होता. माझा हात मांडीवरून उचलेना.

मग आईने माझ्यासमोर तो चहा स्वतः पिऊन टाकला, शेवटच्या घोटापर्यंत, आणि रिकामा कप मला दाखवला.